काळ्या कागदाची आई

१

मिठू साडेतीन वर्षांची झाली तरी मला 'आई' म्हणत नव्हती, आणि या एका गोष्टीपायी माझी झोप उडाली होती.

मुलगी मुकी नव्हती. "पाणी" म्हणायची. "नको" म्हणायची, तेही ठणकावून. बाबाला "बाबा", खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंना "ताकू", फ्रिजला "फिज". फ्रिजला नाव होतं, मला नव्हतं. मी हवी असले की ती येऊन माझ्या कपड्याचं टोक ओढायची, दाराची कडी ओढावी तसं.

"अगं, तू चोवीस तास समोरच असतेस," नवरा म्हणायचा. "हाक मारायची वेळ कुठे येते तिच्यावर?" एवढं बोलून तो कूस बदलायचा आणि दोन मिनिटांत घोरायला लागायचा. मी छताकडे बघत पडायचे.

मिठू हे नाव तिच्या आजोबांनी ठेवलेलं. तान्ही असताना ती अखंड किलबिलायची म्हणून. पोपटाचं नाव ठेवलं आणि पोरगी बोलेना, हा विनोद मला दर आठवड्याला कुणीतरी नव्यानं सांगायचं आणि मीही दर आठवड्याला नव्यानं हसायचे.

मग आम्ही थेरपिस्ट बाईंकडे जायला लागलो. त्यांनी एकदा घराचे फोटो मागवले, मोबाइलवर बराच वेळ बघितले आणि म्हणाल्या, "तुमच्या भिंती फार कोऱ्या आहेत हो."

खरंच होत्या. भाड्याच्या घरात येऊन चार महिने झाले होते. पांढऱ्याफटक भिंती, आणि मालकांची अट, की खिळा ठोकायचा नाही.

"मुलीची नजर ठरायला काहीतरी हवं. घरातल्या माणसांचे चेहरे लावा. मोठे, साधे. रोज बोट ठेवून विचारा, हे कोण? हे कोण?"

"फोटो लावू?"

"फोटोत फार पसारा असतो. हातानं करा काहीतरी. खर्च नको, वेळ द्या."

मी घरी बसून शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हे माझं काम आणि स्वतःच्या शोधणं हा छंद. बाई बोलल्या भिंतींबद्दल. मी मात्र रस्ताभर, कोरी मीच आहे, असं समजून रडत आले.

२

आधी अंड्यांच्या ट्रेची फुलं केली. रंग ओला असतानाच ती माना टाकून बसली. मग जुन्या वर्तमानपत्रांच्या सुरळ्या वळून, डब्याच्या झाकणाभोवती चिकटवून सूर्य केला.

नवऱ्यानं डोकं तिरकं करून बघितलं. "छान आहे. झाडू कसा उलगडलास एवढा?"

"सूर्य आहे तो."

"हो का? मग मावळू दे त्याला."

मिठूनं त्या सूर्याचे किरण एकेक करून उपटले आणि सोफ्याखाली सारले. बोलली काहीच नाही.

सावलीचित्र मला माझ्याच कामात सापडलं. हस्तव्यवसायाच्या पुस्तकाची मुद्रितं आली होती, त्यात एक पान होतं. भिंतीला खांदा लावून खुर्चीत आडवं बसायचं आणि सरळ समोर बघायचं. एका बाजूला टेबलावरचा दिवा, दुसऱ्या बाजूला भिंत आणि भिंतीवर चिकटवलेला कागद. कागदावर चेहऱ्याची कडेनं सावली पडते. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी. गिरवणाऱ्यानं बसणाऱ्याच्या पाठीमागे उभं राहून, हात लांब करून ती रेघ पेन्सिलनं काढायची. मग तो कागद काळ्या पुठ्ठ्यावर ठेवून कापायचा. नियम एकच. बसणाऱ्यानं हलायचं नाही. मान वळली की नाक गेलं.

नवरा छापखान्यात कामाला आहे. तिथून त्यानं काळ्या पुठ्ठ्याच्या उरलेल्या पट्ट्या आणल्या. खळ मी घरीच शिजवली, पिठाची, घट्ट. दुपारी पडदे ओढून घेतले आणि खुर्ची पुन्हा त्याच जागी यावी म्हणून चार पायांशी फरशीवर कागदी पट्टीच्या खुणा केल्या.

पहिली मिठू बसली. मला वाटलं होतं, चुळबुळ करेल. पण "हलू नकोस हं, झालं की सांगते," म्हटल्यावर ती अशी स्थिर बसली की मीच मधे एकदा तिच्या नाकापाशी बोट धरून श्वास बघितला. शेवटची रेघ जुळली तेव्हा मी "झालं!" म्हणाले आणि ती टाळ्या पिटत उठली. "झालं!" ती म्हणाली. नवीन शब्द. चार दिवस घरभर तोच खेळ चालला. कुठेही पुतळा होऊन उभी राहायची आणि "झालं" म्हटल्याशिवाय हलायची नाही.

मग नवरा. "यात पोट येत नाही ना?"

"मानेपर्यंतच आहे."

"मग ही खालची हनुवटी?"

"ती येणार. ती आता कुटुंबातलीच आहे."

दोन काळे चेहरे भिंतीवर लागले आणि खोलीला एकदम कुणीतरी राहत असल्यासारखं रूप आलं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, अभिमानसुद्धा वाटला.

३

माझं चित्र शनिवारी दुपारी झालं.

गिरवणार नवरा होता. "आलोच, पाच मिनिटं," म्हणून तो आतल्या खोलीत गेला. मी पडदे ओढले, दिवा लावला, खुणांवर खुर्ची ठेवून बसले. मिठू समोर फरशीवर मांडी घालून बसली, तिच्या फुटक्या बाहुलीला मांडीवर घेऊन.

थोड्या वेळानं मागे अनवाणी पावलं वाजली. पेन्सिल कागदावर सरकायला लागली. खर्र. थांबायची, पुन्हा खर्र.

"माझं नाक आहे तसं काढ हं, सुधारू नकोस," मी म्हणाले.

तो बोलला नाही. या माणसाला एका वेळी एकच काम जमतं, हे मला ठाऊक आहे. मी आपली बोलत राहिले. थेरपिस्ट बाईंची पुढची वेळ, गळका नळ, मालकांचा फोन. मागून खळीचा वास येत होता. माझ्याच हातांचा असणार.

मिठू माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून वर, मागे बघत होती, आणि हसत होती. बापाकडे बघून हसते तशी. नाही. खरं लिहायचं तर जरा वेगळी, लाजल्यासारखी.

पेन्सिल थांबली. मी वाट बघितली. मान अवघडली होती.

"झालं!" मिठू म्हणाली.

मी उठून वळले. मागे कुणी नव्हतं. कागदावर मात्र एकाच दमात ओढलेली, कुठेही न खोडलेली रेघ होती. माझ्यापेक्षा कितीतरी सफाईची. मी आत डोकावले. नवरा पलंगावर पालथा पडून गाढ झोपला होता. काय माणूस आहे, मला वाटलं, रेघ ओढली आणि लगेच जाऊन आडवा झाला.

मी पुठ्ठा कापला, मागे खळ लावली आणि मिठूच्या शेजारी तिसरा चेहरा लावला.

४

रोज सकाळी आमची शाळा भरायची.

"हे कोण?"

"मिठू."

"हे कोण?"

"बाबा."

"आणि हे?"

मिठू पुढे व्हायची आणि त्या काळ्या पुठ्ठ्याला गाल लावून उभी राहायची. बोलायची नाही. मीही म्हणायचे, असू दे, गाल तर लावला.

पण दुपारी ती बोलायला लागली होती. मी आतल्या खोलीत मुद्रितं घेऊन बसले की बाहेरून तिचा आवाज यायचा. शब्द कळायचे नाहीत, पण चढउतार पुऱ्या वाक्यांचे असायचे. मधे थांबायची, समोरच्याचं ऐकून घ्यावं तेवढंच. मग हसायची, पुन्हा सुरू. मी चपला काढून, श्वास धरून दाराशी जायचे. मी दारात आले की आवाज बंद. मिठू भिंतीपाशी बसलेली आणि माझ्याकडे अशी बघायची, की मलाच कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं वाटायचं.

थेरपिस्ट बाई खूश झाल्या. "बघा! भिंतीनं काम केलं. जे चाललंय ते चालू ठेवा."

आठवड्यानं एका सकाळी नवरा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, "अगं, त्या दिवशी मी झोपूनच गेलो. कुणाकडून काढून घेतलंस ते?"

"काय?"

"तुझं चित्र. काकूंना बोलावलंस का?"

"तूच काढलंस की."

"मी?" तो हसला. "मी पाठ टेकली तो थेट चहाच्या वेळी उठलो. तूच तर किती बोललीस त्यावरून."

बोलले होते. आठवत होतं.

"मग काढलं कुणी?"

"तूच काढलं असशील."

"स्वतःच्या सावलीचं? मान न वळवता? पाठीमागे उभं राहून?"

त्यानं नाडीची गाठ मारली, उठला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "झोप होते का गं तुझी हल्ली?"

नव्हती होत. आणि एकदा ते कबूल केलं की पुढचं काहीही सांगायची सोय राहत नाही. मी दिवसभर त्या शनिवारची मुद्रितं तपासावी तशी उजळणी केली. पावलं ऐकली होती. पेन्सिल ऐकली होती. तोंड मी एकदाही बघितलं नव्हतं. दाराला आतून कडी होती, हे मात्र नक्की आठवत होतं. की ती कडी रविवारची?

५

खालच्या काकू माझा उसवलेला कुर्ता शिवून घेऊन आल्या आणि भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"झकास गं! बाबा तर काय, बोलेल आत्ता. पोरगी हुबेहूब. आणि ही कोण, तुझी बहीण?"

"मी आहे काकू."

"चल!"

"अहो, मीच."

काकूंच्या गळ्यात मोजपट्टी कायम असते. त्यांनी ती काढली, आधी पुठ्ठ्याच्या मानेला लावली, मग माझ्या.

"हे बघ, तुझे गळे मी कापते, मला नको सांगूस. तू चालतेस मान पुढे काढून, कासवासारखी. पाच कपडे शिवले तुझे, पाचही वेळा मागचा गळा वर घ्यावा लागला. आणि हिची मान बघ. कशी ताठ." त्या जरा मागे सरकल्या. "नाक तुझंच आहे हं. ओठही. पण ही बाई निवांत आहे. हिला झोप लागते रात्री."

आणि त्या खळखळून हसल्या. मीही हसले.

"ताकू," मिठू म्हणाली आणि पुठ्ठ्याकडे बोट करून त्यांचा पदर ओढायला लागली, ओळख करून द्यावी तशी.

६

दुसऱ्या दिवशी मी ते चित्र भिंतीवरून उतरवायला घेतलं. कारण काय सांगू? भीती वाटत होती म्हणावं, तर समोर पुठ्ठ्याचा तुकडा होता. मत्सर म्हणावं, तरी समोर पुठ्ठ्याचा तुकडाच होता.

खळ पक्की धरली होती. मी पातं आत सरकवलं आणि ते सटकून माझ्या डाव्या अंगठ्यात गेलं. बरंच रक्त आलं. मिठू पळत जाऊन तिच्या जखमेवर लावायच्या पट्ट्यांचा डबा घेऊन आली, पिवळ्या, बदकांच्या. तिनं स्वतः माझ्या अंगठ्याला पट्टी लावली. तिरकी लागली. बदकाचं डोकं नखावर आणि अंग दुमडून मागे. मी तिला जवळ घेतलं. त्या क्षणी मला वाटलं, आता म्हणेल.

तिनं भिंतीवरची रिकामी जागा बघितली आणि माझ्या हातांतून सुटून गेली.

त्या दिवसापासून ती बोलायचीच थांबली. पाणी नाही, बाबा नाही. "नको"सुद्धा नाही. नको असलेला घास तोंडात तसाच धरून बसायची. दुपारी मी आतून कानोसा घ्यायचे. बाहेर काही नाही. बघायला गेले की ती खळीच्या वाळलेल्या डागासमोर पुतळा होऊन उभी. मी "झालं!" म्हणायचे. ती हलायची नाही. मी म्हटलेलं तिला चालत नव्हतं.

चौथ्या दिवशी थेरपिस्ट बाईंचा फोन आला. "घरात काही बदल केलात का?"

"नाही," मी म्हणाले. एवढं सरळ खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

त्या संध्याकाळी नवरा म्हणाला, "लाव ना ते परत. पुठ्ठ्याचा तुकडा आहे."

"तेच म्हणते मी. पुठ्ठ्याचा तुकडा आहे."

"मग?"

माझ्या टेबलाच्या खणात, मुद्रितांच्या गठ्ठ्याखाली, मी माझ्या मुलीचा आवाज ठेवून दिला होता. एवढंच मला कळत होतं.

७

सातव्या दिवशी दुपारी मी खळ शिजवली आणि ते चित्र होतं तिथे लावलं. अंगठ्यावरची मिठूची पट्टी मी अजून काढली नव्हती. नवरा कामावर होता. दाराला कडी होती. या वेळी मी ती दोनदा बघितली, हात लावून.

मिठू आली. पुठ्ठ्याला गाल लावून उभी राहिली. मग माझ्याकडे वळली, खुर्ची ओढत आणली आणि बरोब्बर खुणांवर ठेवली. पडदा ओढला. माझ्या टेबलावरून एक कोरा कागद आणि पेन्सिल आणली. कागद तिनं माझ्या हातात दिला. पेन्सिल दिली नाही, ती खुर्चीच्या मागे फरशीवर ठेवली.

"बस," ती म्हणाली.

सात दिवसांनी आलेला शब्द. आणि तो मला उद्देशून होता. मी कागद भिंतीला चिकटवला, दिवा लावला आणि बसले.

मी ठरवलं होतं, या वेळी वळायचं. पावलं वाजली की सरळ वळून बघायचं. कुणी नसेल, मी हसेन, मग नीट झोपायला लागेन, हवी तर गोळी घेईन.

मिठू समोर मांडी घालून बसली.

पावलं वाजली. अनवाणी, घाई नसलेली. खळीचा वास आला. पेन्सिल फरशीवरून उचलली गेल्याचा तो बारीकसा टक्क आवाज आला, आणि मग कागदावर खर्र.

मान वळवायला किती वेळ लागतो? पण मिठूचा चेहरा असा उजळला होता. तिचे ओठ हलायला लागले होते. मी वळले आणि ती पुन्हा गप्प झाली तर? चित्र बिघडलं तर? मी आयुष्यात कुणासाठी बसले नव्हते इतकी स्थिर बसले.

रेघ मागून सुरू झाली. मान, डोकं, कपाळ. पेन्सिल नाकापाशी आली तेव्हा ती माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यात आली. आधी टोक, मग बोटं. नखांत खळ वाळलेली होती. पुढच्या वळणावर दुसरा हात आला, कागदाची कड दाबून धरायला. डावा. त्याच्या अंगठ्यावर पिवळी पट्टी होती. तिरकी. बदकाचं डोकं नखावर.

मी फक्त डोळे खाली वळवले. माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते. डावा अंगठा उघडा होता. पट्टी नव्हती. जखमेचा व्रणसुद्धा नव्हता.

पेन्सिल हनुवटीखाली उतरली आणि थांबली. खोलीत फक्त दिव्याची गुणगुण. कुणीतरी "झालं" म्हणायची मी वाट बघत होते. म्हटल्याशिवाय उठावं की नाही, हे मला खरोखर कळत नव्हतं.

मिठू उठली. माझ्या गुडघ्याला वळसा घालून पुढे आली, माझ्या खांद्यावरून वर बघितलं आणि स्वच्छ, न अडखळता, इतक्या दिवसांत न ऐकलेल्या आवाजात म्हणाली,

"आई, झालं का तुझं? आता हिला उठू दे ना."